दिवसपाळीचा धोटा

"रात्री मोजतात ना? मग झालं की. दिवसाढवळ्या कशाला तो खटाटोप?"

मामा कॅरमवर बोरिक पावडर पसरत होते. मे महिन्यातली दुपार होती. वर्षाचा मसाला करायला मी लालबागला आले होते. मिरच्या भाजून डंकावर दिल्या होत्या आणि माझा नंबर यायला दोन तास होते. मामांची चाळ मसाला गल्लीपासून हाकेच्या अंतरावर आहे. वारा फिरला की गॅलरीत बसल्या जागी ठसका लागतो.

मी अभियांत्रिकीच्या मुलांना सर्वेक्षण शिकवते. हल्ली काय नवीन शिकवतेस, असं मामांनी विचारलं, म्हणून मी सांगितलं होतं. जमिनीवरून उपग्रहावर लेझरचा झोत मारायचा, तो परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून उपग्रह किती लांब आहे ते काढायचं. साठ वर्षांपूर्वी हे सुरू झालं तेव्हा काही मीटरची चूक व्हायची, आता ती मिलिमीटरवर आली आहे. आणि आता हे रणरणत्या उन्हातही करता येतं. हे शेवटचं वाक्य मामांना खटकलं.

त्याला कारण आहे. मामांनी भिंतीपलीकडच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, वीस वर्षं काढली. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यांचा साचा कायमचा थांबला. पुढं ते एका टॉवरवर वॉचमन झाले. दोन्ही नोकऱ्यांत रातपाळी होती. चोवीस तास चालणारी कुठलीही गोष्ट त्यांना संशयास्पद वाटते.

"यंत्र चोवीस तास चाललं पाहिजे, असं मालक म्हणाला की समजायचं, माणसाची झोप जाणार," ते म्हणाले. "बरं, लेझर म्हणजे तोच ना, विसर्जनातला? पुण्यात 2023 साली मिरवणुकीनंतर पोरांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या. पुढं पोलिसांना बंदी घालावी लागली. आमच्या लहानपणी गणपतीला पेट्रोमॅक्स होता, कुणाची दृष्टी गेली नाही."

"डोळ्यांचं तुमचं खरंच आहे, मामा. हा झोत तर त्याहून जपून वापरावा लागतो. असा झोत मारणारी ठाणी विमानांवर सतत नजर ठेवतात. झोताच्या वाटेत विमान येतंय असं दिसलं की लेझर बंद करतात. म्हणून तर असलं ठाणं लालबागला उभं राहणार नाही. सांताक्रूझला उतरणारी विमानं, ही धूळ, आणि चार महिने ढग."

"म्हणजे आपल्याकडं यायचंच नाही. मग आपण कशाला बोलायचं त्यावर?"

मी कॅरमचा स्ट्रायकर उचलला. मामा कॅरममध्ये मुरलेले आहेत, त्यांना तिथूनच सांगणं बरं.

"कोपऱ्याजवळ तिरका मारला, एका कडेला लागून मग दुसऱ्या कडेला लागला, तर तो कुठं येतो?"

"आला तसाच मागे. त्याच तिरक्या रेघेत."

"कुठल्याही कोनातून मारला तरी?"

"मारणारा चुकला नाही तर."

"आता दोन कडांच्या जागी तीन आरसे धरा, खोलीच्या कोपऱ्यासारखे एकमेकांना काटकोनात. त्यात कुठूनही उजेड आला तरी तो आल्या दिशेनंच परत जातो. मेट्रोच्या कामावर तिवईवर यंत्र घेऊन एकजण उभा असतो आणि लांब दुसरा काचेचा भिंगासारखा तुकडा धरून असतो, बघितलंय ना तुम्ही? तो तुकडा म्हणजे हाच कोपरा. उपग्रहावरही तोच बसवतात. लॅजिऑस नावाचा एक गोळा 1976 साली सोडला. व्यास साठ सेंटिमीटर, वजन चारशे किलोच्या वर, आणि अंगभर असे 426 कोपरे, बहुतेक सगळे काचेचे. त्यात बॅटरी नाही, रेडिओ नाही, काही नाही. नुसता फिरतो, आणि उजेड पाठवला की परत करतो. जवळजवळ सहा हजार किलोमीटरवरून."

"बिनपगारी," मामा म्हणाले. त्यांना तो गोळा आवडलेला दिसला.

"जायला-यायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. घड्याळ मात्र अवघड. एक मिलिमीटर ओळखायचा तर सेकंदाचे एक लाख कोटी भाग करून त्यातले सात भाग मोजता आले पाहिजेत."

"हा धोटाच झाला की," मामा म्हणाले. "इकडून तिकडं, तिकडून इकडं. आमचा धोटा मिनिटाला दीड-दोनशे फेऱ्या मारायचा."

"हे आताचं यंत्र सेकंदाला दोन हजार ठोके मारतं. पहिला परत यायच्या आत ऐंशी निघालेले असतात. एका साच्यावर एका वेळी ऐंशी धोटे."

मामांनी मान हलवली. "असं चालत नाही. धोटे आपटतील एकमेकांवर."

"उजेड आपटत नाही. फक्त कुठला ठोका कधीचा याचा हिशेब ठेवावा लागतो. खरा घोटाळा वेगळाच आहे. जाताना एका ठोक्यात अब्जावधी प्रकाशकण असतात. परत येतो एखादा. पुष्कळदा एकही नाही."

हे ऐकून ते थांबले. मी पुढं सांगत राहिले, कारण दिवसाचा प्रश्न इथंच सुरू होतो. रात्री काळोखात एक कण परत आला तर तो ओळखता येतो. दिवसा अख्खं आकाश उजळलेलं असतं आणि दुर्बिणीत सूर्याचे कण नुसते ओतत असतात. त्या गर्दीत आपला एक शोधायचा. शिवाय संध्याकाळी उपग्रहावर ऊन पडतं, तो ठिपक्यासारखा दिसतो, डोळ्यानं नेम धरता येतो. दिवसा तो दिसतच नाही. सूर्याच्या आसपास तर दुर्बीण वळवायचीही सोय नाही, आतला कण टिपणारा भाग जळून जाईल.

"मग कसं करतात?"

"तीन चाळण्या. पहिली रंगाची. लेझर हिरवा असतो, 532 नॅनोमीटरचा. नॅनोमीटरच्या काही दशांशाइतकीच फट ठेवून त्याच्या आजूबाजूचा सगळा उजेड अडवायचा. दुसरी जागेची. पंचांगात अंश, कला, विकला असतात, त्यातल्या काही विकलांएवढाच आकाशाचा तुकडा बघायचा. तिसरी वेळेची, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. उपग्रह कुठं असणार याचं गणित आधीच केलेलं असतं. म्हणजे उजेड केव्हा परत येणार ते जवळजवळ ठाऊक असतं. तेवढ्यापुरतंच, सेकंदाच्या काही कोट्यंश भागापुरतं दार उघडायचं आणि लगेच लावायचं. त्या क्षणात सूर्याचेही काही कण घुसतातच. पण ते कसेही, वाटेल तेव्हा येतात. उपग्रहाचे मात्र ठरल्या वेळी. हजारो ठोके एकाखाली एक मांडले की पडद्यावर सगळीकडं ठिपक्यांचा पाऊस दिसतो आणि त्यातून एक रेघ वर येते."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साचेखात्यात तू कधी आली नाहीस. कान फुटायची पाळी यायची. शेजारचा ओरडला तरी ऐकू यायचं नाही, आम्ही ओठांवरून नाही तर हाताच्या खुणांवरून बोलायचो. शेकडो साचे एकदम चालायचे. पण त्या आवाजात माझ्या साच्याचा ठोका चुकला तर मला पाठ फिरवलेली असतानाही कळायचं."

"कसं?"

"तो कधी पडणार ते मला माहीत असायचं ना."

वर्गात मी हा भाग फळ्यावर दोन आलेख काढून शिकवते. आता पुढच्या वर्षी मामांचा साचा सांगेन.

पण त्यांचा मूळ प्रश्न जिथल्या तिथंच होता. "जमतं म्हणून करायचं, हे कारण नाही, बाय. रात्री मोजून जर मिलिमीटर मिळतो, तर दिवसा मोजून काय जास्त मिळणार? मिलिमीटर तर मिलिमीटर."

मी त्यांना कुलाब्याची गोष्ट सांगितली. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनं 1826 साली उभारली. केरूनाना छत्रे तरुणपणी तिथं कामाला होते. तिथं 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद घ्यायला सुरुवात झाली, दिवसरात्र, हातानं. माणूस उठायचा, सुईची जागा वाचायचा, वहीत लिहायचा. 2 सप्टेंबर 1859 ला सूर्यावरच्या प्रचंड स्फोटाचा तडाखा पृथ्वीला बसला. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली. त्या वादळाची विषुववृत्ताच्या जवळची सर्वांत मोलाची नोंद जगात कुठं आहे? मुंबईत. चुंबकीय बल सुमारे 1600 नॅनोटेस्लानं खाली गेल्याचं कुलाब्याच्या वहीत आहे. दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी ती वही उघडली आणि त्या वादळाचा जोर त्यावरून काढला.

"आणि वेळ कुठली, मामा? सकाळी अकराच्या सुमाराची. उन्हाची. वेधशाळा म्हणजे रात्रीचं काम, असं म्हणून तो माणूस घरी गेला असता तर?"

"गेला नाही, कारण नोकरी होती." मामा त्या माणसाच्या बाजूनं बोलत होते. "त्याचं नाव आहे का कुठं?"

मला सांगता आलं नाही. अधिकाऱ्यांची नावं छापलेली असतात, सुई वाचणाऱ्याचं सापडायला वेळ लागतो.

"बघ," ते म्हणाले. एवढंच.

मी पुन्हा समुद्राकडून आले, कारण लालबागच्या माणसाशी समुद्राबद्दल बोलता येतं. 2025 च्या विसर्जनात लालबागचा राजा गिरगावच्या चौपाटीवर पोचला आणि भरतीमुळे रखडला. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी रात्री विसर्जन झालं. मामा तिथं होते. पाय सुजेपर्यंत उभे होते.

"भरतीची वेळ कॅलेंडरात छापलेली होती," ते म्हणाले. "त्याला लेझर लागला नाही."

"ती छापता येते, कारण अपोलो बंदरावर 1878 पासून पाण्याची पातळी नोंदवली जाते आहे. पण त्या नोंदीत एक अडचण आहे. काठी जमिनीत रोवलेली. पाणी काठीवर दोन बोटं वर दिसलं, तर समुद्र वर आला की जमीन खाली गेली? काठीला कळत नाही. आणि आपली मुंबई म्हणजे बेटांमधल्या खाड्या बुजवून केलेली. परळही त्यातलं एक बेट. भरावाची जमीन बसते."

"चाळीला तडे उगाच जात नाहीत," मामा म्हणाले.

"म्हणून समुद्र आणि जमीन दोन्ही जिच्यापासून मोजता येतील अशी एक खूण लागते, जी मुंबईबरोबर खचत नाही. ती खूण म्हणजे पृथ्वीच्या वस्तुमानाचा मध्य. तिथं खुंटी ठोकता येत नाही. पण उपग्रह त्याच मध्याभोवती फिरतात. जगातल्या ठाण्यांवरून लॅजिऑससारख्या गोळ्यांची अंतरं वर्षानुवर्षं मोजली की मध्य कुठं आहे ते हाती लागतं. 1992 पासून समुद्राची उंची मोजणारे उपग्रह ओळीनं सोडले गेले, त्यांच्या कक्षाही लेझरनं तपासतात. जगाचा समुद्र तीस वर्षांत साधारण दहा सेंटिमीटर चढला, हे आपण त्यावरून म्हणतो. वर्षाला तीन-चार मिलिमीटर. एवढं बारीक काम असताना फक्त रात्रीचंच मोजलं तर? दिवसा ठाण्याची इमारत तापते, हवा वेगळी असते, उपग्रहावर उन्हाचा दाब वेगळ्या बाजूनं येतो. काही उपग्रह तर रोज त्याच त्या घटकेला डोक्यावरून जातात. दिवसाची फेरी सोडायची म्हणजे अर्धं कापड न बघता ठाणाला शिक्का मारायचा."

हे मी मुद्दाम म्हणाले. कापडाच्या तपासणीबद्दल मामा हळवे आहेत.

"अर्धं बघून शिक्का मारणारे होते," ते म्हणाले. "दंड मात्र विणणाऱ्याला व्हायचा."

मला त्या क्षणी वाटलं की ते माझ्या बाजूला आले. पण नाही. त्यांनी राणी काढली, कव्हर घेतलं, आणि बोट रोखून विचारलं, "26 जुलै आठवतो?"

आठवतो. 2005. मी सांताक्रूझला अडकले होते. तिथं त्या चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला सत्तर-पंचाहत्तर मिलिमीटर. एकाच शहरात. कुलाब्याचंच यंत्र असतं, तर मुंबईत त्या दिवशी साधारण पाऊस पडला असं कागदावर राहिलं असतं. मोजमाप कुठं करता, केव्हा करता यावर सगळं आहे, असं मी म्हणाले, आणि मामांना हवं होतं ते वाक्य मीच त्यांच्या हातात दिलं.

"म्हणजे सांताक्रूझला यंत्र होतं. आकडा होता. अगदी बिनचूक. आणि माणसं तरी बुडाली. आकड्यानं कुणाला वाचवलं? हिंदमाताला पाणी कुठवर येतं ते मला भिंतीवरचा डाग सांगतो. मला उपग्रह नको. तू मिलिमीटर म्हणतेस, मी कंबरभर म्हणतो. माझं माप तुझ्यापेक्षा खरं आहे, कारण मी त्यात उभा होतो."

यावर माझ्याकडं चटकन देण्यासारखं उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. डाग सांगतो पाणी कुठवर आलं. पुढच्या तीस वर्षांत ते कुठवर येईल, आणि कुठलं गटार किती उंचीवर समुद्रात सोडायला हवं, हे डाग सांगत नाही. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, उलटं आत येतं. तिथं दहा सेंटिमीटरनं फरक पडतो. हे मी बोलले. पण ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला तीस वर्षांपुढचं सांगताना माझाच आवाज मला बारीक वाटला.

मामांनीच विषय बदलला. "हे मोजतं कोण? आपण?"

"आपल्या नाविकचे उपग्रह आहेत ना, दिशा दाखवणारे, 2013 पासून सोडले. त्यांच्यावर हे आरसे आहेत. परदेशांतली ठाणी त्यांची अंतरं मोजतात. चांद्रयान-3 च्या विक्रमवरही पाच सेंटिमीटरचा एक छोटासा आरशांचा घुमट आहे, नासानं दिलेला. 12 डिसेंबर 2023 ला चंद्राभोवती फिरणाऱ्या त्यांच्या यानानं शंभर किलोमीटरवरून त्याच्यावर झोत मारला आणि उत्तर परत आलं."

"आरसा आपल्या अंगावर, आणि बॅटरी दुसऱ्याच्या हातात." मामांचा चेहरा बदलला. "आपलं ठाणं नाही?"

"तामिळनाडूत कावलूरला इस्रोनं सोव्हिएत मदतीनं एक चालवलं होतं, फार पूर्वी."

"आणि दिवसाचं कुणाला जमतं?"

मी सांगितलं. ऑस्ट्रेलियात यारागाडी, इंग्लंडमध्ये हर्स्टमन्सो, ऑस्ट्रियात ग्राझ, कितीतरी. ग्राझच्या लोकांनी तर 2020 साली आणखी पुढचं करून दाखवलं. आकाशात मेलेल्या रॉकेटांचे सांगाडे फिरतात, त्यांच्यावर आरसे नसतात. नुसत्या पत्र्यावरून जो काही उजेड परत येईल तो. तो टिपायला पूर्वी पहाटेचे आणि संध्याकाळचे काही तासच मिळायचे, खाली काळोख आणि वर ऊन असे. ग्राझनं भर दिवसा असे सांगाडे पकडले. सांगाडा नेमका कुठं आहे ते ठाऊक असेल तर चालू उपग्रहाला वेळेवर बाजूला काढता येतं. 2025 च्या एप्रिलमध्ये चीननं त्याहून लांबची गोष्ट केली. चंद्राकडच्या पट्ट्यात फिरणाऱ्या त्यांच्या तिआनदू-1 या उपग्रहाचं अंतर दिवसाच्या उजेडात लेझरनं मोजलं.

"आणि एक सांगते, मामा. 1991 साली युरोपनं ईआरएस-1 नावाचा उपग्रह सोडला, समुद्रावर नजर ठेवणारा. वर गेल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्यावरचं जागा सांगणारं मुख्य यंत्र बंद पडलं. उपग्रह धडधाकट, पण कुठं आहे ते नेमकं सांगता येईना. तेव्हा त्याच्या अंगावरचे हे काचेचे कोपरे कामी आले. न बिघडणारे, वीज न मागणारे. लेझरवर त्याची कक्षा ठरवली आणि पुढं कित्येक वर्षं त्यानं काम केलं."

मामा स्ट्रायकर बोटांत फिरवत राहिले. खालून डंकाचा ठोका येत होता, एकसुरी, अधूनमधून अडखळणारा. टॉवर उभे राहिल्यापासून गॅलरीतून आकाशाची एक उभी पट्टी तेवढी दिसते. पूर्वी तिथं गिरणीची चिमणी होती.

"तिथं ठाण्यावर किती माणसं लागतात?"

"हल्ली बरंचसं आपोआप चालतं. एखादा माणूस असतो."

"एकटा. आणि दिवसपाळी, रातपाळी दोन्ही." त्यांनी मान हलवली. "माझं मत तेच आहे. पण उभारायचं असलं तर ठाणं आपलं उभारा. आणि कामाला बसणाऱ्याला पाळीचे तास ठरवून द्या, आणि त्याचं नाव वहीत घाला. सुई वाचणाऱ्याचं राहिलं तसं राहू देऊ नका."

"बरं."

"आणि तुझा तो मिलिमीटर तुमच्या वहीत ठेवू नकोस. हिंदमाताला पुलाच्या खांबावर रंगवून घे. दरवर्षी पावसाळ्याआधी. समुद्र एवढा चढला, जमीन एवढी बसली, वेगवेगळं. मराठीत. बघू मग नगरसेवक काय म्हणतो."

खालून डंकवाल्यानं माझ्या नंबराची हाक दिली. मी पिशवी उचलली. जिन्यापर्यंत गेले तर मागून आवाज आला.

"बाय, आणि खांबावर लिहिताना मोजलं दिवसाचं की रात्रीचं तेही लिही."